वडिलांची मोटारसायकल

जी वस्तू वर्षानुवर्षे आपल्या उपयोगी पडली, ती निकामी झाल्यावर तिचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. धान्याची कणगी, पाणी ओढण्याचा रहाट, आजीचे जाते अशा वस्तूंना प्रथम घरातील एखादा अंधारा कोपरा मिळतो आणि पुढे एके दिवशी त्या मुकाट्याने दाराबाहेर जातात. आमच्या घरी हा प्रश्न एका मोटारसायकलीच्या रूपाने उभा राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता मला, आयुष्यभर इतरांना शिकवीत आलेल्या माणसाला, दोन धडे शिकावे लागले. त्यांचीच ही हकिकत आहे.

माझे वडील पशुवैद्य होते. कंधार आणि अहमदपूर या भागांतील खेडी त्यांच्याकडे होती. कंधार परिसरातील लाल कंधारी गाय-बैल आणि देवणीकडचे देवणी जनावर हे तर मराठवाड्याचे भूषण होय. अशा जनावरास फऱ्या झाला किंवा एखादी गाय वासरू अडून तळमळू लागली, म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल होत असे. त्या काळी या भागात पक्के रस्ते थोडे आणि वाहने त्याहून थोडी. वडील आधी सायकलीवर आणि कधी बैलगाडीने जात. वेळेवर न पोहोचल्यामुळे काही जनावरे दगावली, आणि ती खंत त्यांच्या मनात सलत राही. म्हणून १९६५ साली त्यांनी पै पै साठवून एक जावा मोटारसायकल घेतली. काळसर तांबडा रंग, टाकीवर सोनेरी रेघा आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक चकचकीत धुराडे, असे तिचे रूप होते. तिचा आवाजही निराळाच होता. माळाच्या पलीकडून तो कानी पडला की गाडी दिसण्यापूर्वीच लोक म्हणत, “डॉक्टर आले!”

या गाडीचा जन्मवृत्तांतही मनोरंजक आहे. चेकोस्लोव्हाकियातील फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या उद्योजकाने १९२९ साली जर्मनीतील वाँडरर या कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेऊन प्राग येथे तिचे उत्पादन आरंभिले. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. पुढे रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला. १९६१ पासून तेथे या गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्या ‘येझदी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. इराणातील याझ्द या नगरावरून ते नाव घेतलेले आहे. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. ‘जावा’ हे नाव २०१८ साली भारतीय रस्त्यांवर पुन्हा आले खरे. परंतु त्या गाड्यांचे इंजिन निराळ्या जातीचे आहे.

वडील निवृत्त झाले आणि औसा तालुक्यातील आमच्या गावी राहू लागले. गाडी अंगणातील पत्र्याच्या छपराखाली उभी असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी परिसरात भूकंप झाला. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचे जड छत. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंतींनी आणि छतांनी त्या पहाटे हजारो माणसांचा घात केला. आमच्या घरातील माणसे वाचली. शेजारच्या पुष्कळ घरांतील वाचली नाहीत. अंगणाकडची भिंत छपरासह मोटारसायकलीवर कोसळली. पुढे कित्येक दिवस वडील वाचलेल्या जनावरांच्या जखमा बांधीत गावोगाव पायीच फिरत होते. ढिगाऱ्यातून गाडी बाहेर काढली तेव्हा टाकीला तळहाताएवढा पोचा पडला होता. वडिलांनी तो पोचा एकदा हाताने चाचपला आणि गाडी गोठ्यात ठेवून दिली. त्यानंतर ते तिच्यावर कधीच बसले नाहीत. त्यांच्या पश्चातही ती तेथेच राहिली. कोंबड्या तिच्या आसनावर बसू लागल्या आणि उंदरांनी तिच्या तारा कुरतडल्या.

मी नांदेड येथे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, त्या वर्षी गावाकडे धाकट्या भावाने गोठा पाडून तेथे खोली बांधण्याचे ठरविले. भंगारवाला आला आणि त्याने गाडीचे मोल वजनावर सांगितले. भावाचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. तो म्हणाला, “दादा, हिला ठेवून काय करायचे? लोखंड आहे, गंजून माती होईल.” इतक्यात सातवीत शिकणाऱ्या माझ्या नातवाने मला विचारले, “आजोबा, ही पुन्हा चालू होणारच नाही का?” मी पटकन म्हणालो, “होईल की!” वास्तविक त्या क्षणापर्यंत मी आयुष्यात पाना हाती धरला नव्हता. श्रमप्रतिष्ठेवर मात्र मी वर्गात शेकडो वेळा बोललो होतो.

गाडी टेंपोत घालून नांदेडला आणली आणि मी कारागिराचा शोध घेऊ लागलो. जुन्या जावांचा जाणकार म्हणून सर्वांनी एकाच गृहस्थाकडे बोट दाखविले. मी त्याच्या दुकानी गेलो. चाळिशी ओलांडलेला तो मनुष्य मला पाहताच उठून उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मला ओळखले नाही का? मी तुमचा विद्यार्थी.” मी ओळखले, आणि ओळखताच मनात चरकलो. का, ते पुढे सांगेन.

रविवारी तो आमच्या घरी आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चाक फिरवून पाहिले आणि एक अट घातली. “गाडी तुम्ही आणि नातवाने खोलायची. मी फक्त सांगणार. म्हणजे ती तुमची होईल.” आमच्या पडवीत त्याने एक जुने धोतर अंथरले आणि पहिला नियम सांगितला, “घाई करायची नाही. गंजलेला बोल्ट जोर लावला की तुटतो. वेळ दिला की सुटतो.” आम्ही प्रत्येक नट-बोल्टावर रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि मगच पाना लावला. सुटलेला प्रत्येक भाग धोतरावर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडावयाचा, हा दुसरा नियम. आणि काढलेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करावयाची, हा तिसरा. कारागिराने नमुन्यादाखल आपली वही दाखविली. निळ्या शाईत, सरळ ओळींत, मोत्यासारखे अक्षर! कोणत्या गाडीचा कोणता भाग केव्हा काढला, का काढला, काय दोष निघाला, हे सारे तीत होते. मी ती वही पुष्कळ वेळ हातात धरून बसलो.

इंजिन गंजून घट्ट बसले होते. प्लग काढून त्या छिद्रातून आम्ही सिलिंडरात तेल ओतले आणि आठवडाभर वाट पाहिली. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक बोटभर पुढे, बोटभर मागे असे हळूहळू हलवीत राहिलो. चौथ्या दिवशी पिस्टन केसभर सरकला. नातवाने जी आरोळी ठोकली, ती ऐकून शेजारी धावत आले. टाकीच्या आतला गंज काढण्यासाठी चिंचेचा कोळ आणि मूठभर बारीक नट आत घालून आम्ही टाकी खळखळून हलविली. चिंचेतील आम्ल गंज विरघळविते आणि नट तो खरवडून काढतात. आम्लाचा अंश राहिला तर तेच पुढे लोखंड खाते, म्हणून नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुतली, उन्हात वाळविली आणि आतून तेलाचा हात फिरविला. कार्ब्युरेटरमधील जेटचे छिद्र तर सुईच्या अग्राहून बारीक. त्यात तार घातली की छिद्र मोठे होते आणि पेट्रोलाचे प्रमाण बिघडते, म्हणून ते केवळ हवेच्या झोताने साफ करावयाचे. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांमधील अंतर ०.४ मिलिमीटर ठेवले. सहा व्होल्टची नवी बॅटरी आणली आणि कुरतडलेल्या तारा बदलल्या. रबराचे सारे भाग वाळून चुरा झाले होते. त्यांतील काही लातूरच्या गंजगोलाईलगतच्या एका जुन्या दुकानात धुळीने भरलेल्या खोक्यात मिळाले.

आता या इंजिनाची मख्खी सांगितली पाहिजे, कारण पुढची कथा तिच्यावरच अवलंबून आहे. या गाडीला २५० सी.सी.चे एकच सिलिंडर असते आणि इंजिन असते दोन टप्प्यांचे, म्हणजे टू-स्ट्रोक. चार टप्प्यांच्या इंजिनात वंगणाचे तेल तळाशी निराळे साठविलेले असते. टू-स्ट्रोक इंजिनात तशी सोय नसते. कारण पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण इंजिनाच्या तळातूनच वर सिलिंडरात जाते. म्हणून वंगण पेट्रोलातच मिसळावे लागते. या गाडीसाठी साधारणपणे पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल, असे प्रमाण धरतात. हे तेलच पिस्टनाचे आणि बेअरिंगांचे रक्षण करते. ते पेट्रोलाबरोबर जळते, म्हणून अशी इंजिने धूर अधिक सोडतात. हवेच्या प्रदूषणाविषयीचे नियम कडक होत गेले, तशी ही इंजिने मागे पडली, त्याचे एक मोठे कारण हेच.

सुमारे सात महिन्यांनी, हिवाळ्यातील एका सकाळी, आम्ही गाडी जुळवून अंगणात उभी केली. या गाडीची किक आणि गिअरचा दांडा एकच. तो फिरवून उभा केला की किक होते. मी सात-आठ वेळा किक मारली. धूर आला, इंजिन खोकले आणि गप्प झाले. नंतर नववीत की दहावीत तो ओळखीचा आवाज एकाएकी अंगणात घुमू लागला. माझे डोळे भरून आले; नातवाला मी धुराचे निमित्त सांगितले.

त्यानंतर गाडी टेंपोतून परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घेतली, नोंदणीचे नूतनीकरण केले आणि विमा उतरविला. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली खास नियम केले आहेत. त्यांनुसार अशा गाडीची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद करता येते. मात्र मग ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आम्हांला गावापर्यंत जावयाचे होते, म्हणून आम्ही साधी नोंदणीच ठेवली.

आणि मग माझ्या हातून ती चूक झाली. एका सकाळी नातवाला मागे बसवून, दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण घालून, मी लोह्यापर्यंत जाऊन येण्यास निघालो. वाटेत पेट्रोल भरले. तेल मापण्याची बाटली घरी खिडकीतच राहिली होती. नातवाने विचारले, “आजोबा, तेल घातले ना?” मागे गाड्यांची रांग लागली होती, मुख्याध्यापकाची ऐट अंगात होती. मी म्हणालो, “घातले, घातले. बैस.” टाकीत आधीचे थोडे मिश्रण होते, म्हणून विष्णुपुरीपर्यंत गाडी बिनतक्रार चालली. पुढे इंजिनाचा आवाज कोरडा झाला. मला तो ऐकू आला. पण मी वेग कमी केला नाही. सोनखेडच्या अलीकडे इंजिन एकाएकी अडले, मागचे चाक जागच्या जागी थिजले आणि गाडी फरफटत आडवी होऊ लागली. हातातला क्लच दाबण्याची बुद्धी झाली, म्हणून आम्ही पडलो नाही. मागून येणारा ट्रक आम्हांला चुकवून गेला. नातवाचे हात माझ्या कमरेभोवती कितीतरी वेळ तसेच घट्ट होते.

संध्याकाळी कारागिराने इंजिन उघडले. पिस्टनावर उभे ओरखडे पडले होते. त्याने त्यांवरून अंगठा फिरविला आणि विचारले, “गुरुजी, पेट्रोलात तेल होते ना?”

पेट्रोल वाईट होते, पिस्टन जुना होता, असे पुष्कळ काही सांगता आले असते. नातू माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, “नव्हते. मी विसरलो. आणि याने विचारले, तेव्हा घातले म्हणून खोटे सांगितले.”

कारागीर रागावला नाही. त्याने वही उघडून तारीख लिहिली आणि पुढे दोनच शब्द लिहिले : ‘तेल नाही.’ मग म्हणाला, “बंद पडण्याआधी इंजिन सांगते, गुरुजी. आवाज बदलला असेल.”

“बदलला होता.”

“मग थांबायचे होते.”

आता मघाची गोष्ट सांगतो. हा मनुष्य सातवीत माझ्या वर्गात होता. तो सकाळी एका गॅरेजात काम करून शाळेत येई आणि त्याला नेहमी उशीर होई. एके दिवशी त्याच्या वहीवर तेलाचे डाग दिसले. मी ती वही साऱ्या वर्गाला दाखविली, “ज्याचे हात काळे, त्याच्या वहीत अक्षर कसे राहील?” असे म्हणालो आणि त्याला बाहेर उभे केले. वर्ग हसला. तो का उशिरा येतो, हे मी विचारलेच नाही. त्या संध्याकाळी, तीस वर्षांनंतर, मी त्याला म्हणालो, “मी तुला एकदा वर्गाबाहेर उभे केले होते. ते माझे चुकले.”

तो पिस्टन कापडाने पुसत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “आठवते मला. त्यानंतर चार दिवस मी शाळेत आलो नव्हतो.” मला वाटले, तो आणखी काही बोलेल. तो बोलला नाही. त्याने पिस्टन नातवाच्या हाती दिला आणि त्याला सांगितले, “याची वहीत नोंद कर. अक्षर चांगले काढ.”

लेथवर सिलिंडर किंचित मोठे कापून घेतले, त्या मापाचा नवा पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. नवा पिस्टन सिलिंडरात रुळेपर्यंत गाडी सावकाश चालवावी लागते. तीही आम्ही चालविली. शेवटी रंगाचे काम आले. रंगारी म्हणाला, “टाकीचा पोचा भरून काढतो. कळणारसुद्धा नाही.” मी ‘हो’ म्हणणार होतो. तेवढ्यात नातू म्हणाला, “पण तो पोचा आपण वहीत कसा लिहिला आहे पाहा.” वहीत त्याने लिहिले होते : ‘पोचा. भूकंप. ३० सप्टेंबर १९९३.’ आम्ही पोचा तसाच ठेवून त्यावर रंग दिला. दुरुस्ती म्हणजे वस्तू नवी करणे नव्हे. ती पुन्हा आपल्या कामास लावणे होय, हे मला तेव्हा उमगले.

त्या माघात लोहा, अहमदपूर, लातूर या मार्गाने आम्ही गावी गेलो. दर दहा कोसांवर थांबून इंजिन निवू दिले. वाटेत कोणी आम्हांला ओळखले नाही. ओळखणार तरी कोण? आता घरोघर मोटारसायकली आहेत. परंतु गावाच्या वळणावर पोहोचलो, तेव्हा माझा धाकटा भाऊ दाराबाहेर येऊन उभा राहिलेला दिसला. आम्ही येणार हे त्याला कळविले नव्हते. गाडी दिसण्यापूर्वी त्याने आवाज ऐकला होता.

आज ती मोटारसायकल आमच्या पडवीत उभी आहे. पेट्रोलाच्या झाकणाला नातवाने दोरीने एक चिठ्ठी बांधली आहे. तीवर ‘तेल घातले का?’ असे लिहिलेले आहे. गाडी काढताना ती चिठ्ठी मी मोठ्याने वाचतो आणि खरे तेच उत्तर देतो.

स्वाध्याय

१. लेखकाच्या वडिलांना मोटारसायकल घेण्याची गरज का वाटली?
२. माळवदाच्या घरांमुळे भूकंपात अधिक हानी का झाली?
३. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलाबरोबर तेल का मिसळावे लागते, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. ‘गंजलेला बोल्ट जोर लावला की तुटतो, वेळ दिला की सुटतो.’ हे वाक्य माणसांनाही कसे लागू पडते, ते लिहा.
५. लेखकाने ‘दोन धडे शिकावे लागले’ असे म्हटले आहे. ते धडे कोणते?
६. कारागिराने ‘अक्षर चांगले काढ’ असे नातवाला सांगितले. त्या वेळी लेखकाच्या मनात कोणते विचार आले असतील?
७. तुमच्या घरातील एखादी जुनी, बंद पडलेली वस्तू वडीलधाऱ्यांच्या मदतीने दुरुस्त करा आणि तिच्या दुरुस्तीची क्रमवार नोंद वहीत लिहा.